आपण प्रथम कधी हसलात?

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी एक बाई पोस्टाच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, एक जवाबी कार्ड द्या." मी मान वर केली आणि कार्ड द्यायचंच विसरलो. बाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. लुगडं साधं, कपाळ मोकळं, म्हणजे नवरा गेलेला. पण लुगड्यावर पुरुषाचा काळा कोट, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, आणि नाकावर पुरुषाचाच चष्मा. तो दर दोन वाक्यांनी खाली घसरे आणि त्या तो मधल्या बोटानं वर ढकलत. हा कोट त्या उन्हाळ्यातही काढत नसत, हे मला पुढे कळलं.

खरं तर मी शाळामास्तर. पोस्ट हे शाळेला लागलेलं शेपूट होतं. सकाळी मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि दुपारी टपाल वाटायचं. अर्जुनीच्या स्टेशनात छोटी गाडी येई, तिथून डाकवाला थैली घेऊन दोन कोस चालत आमच्या गावी येई. पोस्टाला जागा नव्हती म्हणून त्या बाईंच्याच घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, कुडाची भिंत घालून मला एक कोंदट खोली करून दिली होती. मी त्यांच्याच घरात बसून त्यांच्याकडे 'या कोण?' म्हणून पाहत होतो. गाव त्यांना पाटलीणबाई म्हणे, मीही तेच म्हणू लागलो.

जवाबी कार्ड आता फारसं कोणी वापरत नाही, म्हणून सांगतो. दोन कार्डं जोडलेली असत. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालायचा. ज्याला पत्र गेलं त्यानं ते दुसरं फाडून, उत्तर लिहून पेटीत टाकायचं. त्याला खर्च नाही, त्यामुळे सबबही नाही. पाटलीणबाईंना त्यात सबब नाही ही गोष्ट फार आवडे.

त्या दिवशी सपरीत मांडी घालून त्यांनी बराच वेळ कार्ड लिहिलं, आणि माझ्यापुढे धरलं. "सुद्ध हाय का, पाहा जी."

पोस्टमास्तरानं कार्ड वाचू नये असा नियम आहे की काय ते मी कधी शोधलं नाही. मी वाचलं. अक्षर दुसरीतल्या मुलाचं, ठसठशीत. कुणा निवृत्त इंजिनिअरसाहेबांना लिहिलं होतं: 'आपले आत्मचरित्र वाचले. आपण लिहिता की याच सुमारास माझी पत्नी निवर्तली, आणि पुढच्याच ओळीत आपली बदली होते. मधले काही लिहिले नाही. त्यानंतर आपण प्रथम कधी हसलात, ते कळवावे.'

"हे तुमचे कोण?" मी विचारलं.

"कोनी नाही. याचं पुस्तक वाचलं."

"बाई, असं अनोळखी माणसाला विचारतात का?"

"पुस्तक त्यानं लिवलं ना? मी थोडीच त्याच्या घरी डोकवाले गेली होती. त्यानंच दार उघडलं, मंग मी इचारीन."

मी तेव्हा बावीस वर्षांचा, भंडाऱ्याहून आलेला, रीतभात मोठ्यांकडून शिकलेला. मला ते फार अशोभनीय वाटलं. तरी मी शिक्का मारला, कारण कार्डाला तिकीट पुरेसं होतं.

पाटलीणबाई फक्त आत्मचरित्रं आणि आठवणी वाचत. कादंबरीला हात लावत नसत. "ते बनवलेलं हाय," म्हणत. पोथी वाचा म्हणणाऱ्याला सांगत, "देवाले काय झालं ते मले ठाऊक हाय. मानसाले काय झालं ते पाहून राहिली." पुस्तकं नागपुराहून पार्सलानं येत. पार्सल माझ्या हातून त्यांच्या हाती पडलं की त्या आधी शेवटलं पान पाहत, माणूस जिवंत आहे की नाही याचा अंदाज घेत, आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात करत. वाचताना लेखकाशी भांडत, तेही एकेरीत. "हा वकील झाकून राहिला," असं त्या माझ्याकडे पाहून म्हणत, जसं काही तो वकील माझा मावसभाऊ. लेखकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. 'तो इंजनेर', 'तो खोकल्यावाला', 'ती डाक्टरीन' अशी त्यांची सगळी ओळख. लेखकांचे दोनच प्रकार त्यांना मान्य होते, झाकणारे आणि सांगणारे. सांगणाऱ्याला त्या जेवायला वाढतील अशा मायेनं बोलत. झाकणाऱ्याचं पुस्तक मिटून सपरीच्या खांबावर आपटत, आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडत.

आणि हसत. त्यांचं हसणं असं की कुडापलीकडे बसून मी मनिऑर्डरीचा आकडा चुकवावा. आधी नाकातून एक फुसकारा, मग मोठ्यानं, मग चष्मा काढून कोटाच्या बाहीनं डोळे पुसणं. गावाचा खरा राग त्या हसण्यावर होता. विधवा बाईनं वाचावं, हे एक वेळ गावानं चालवून घेतलं असतं.

हे हसणं सुरू कसं झालं, ते मला रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, येणाऱ्या बुधाबाईनं सांगितलं. पाटीलबुवा, म्हणजे बाईंचे यजमान, वाचनाचे नादी होते. रोज दुपारी जेवणानंतर सपरीत बसून ते एकेक प्रकरण बाईंना मोठ्यानं वाचून दाखवत. त्या इंजिनिअरचं पुस्तक चाललं होतं. एका दुपारी साहेबांची बैलबंडी नदीत अडकली, पाणी चढू लागलं, बैलांच्या पोटाला लागलं, आणि तेवढ्यात पाटीलबुवांना हुडहुडी भरली. पानात धानाची एक लोंबी खूण म्हणून ठेवून ते आडवे झाले. तीन दिवसांत गेले. मूलबाळ नव्हतं.

दहावं-तेरावं झालं. पाहुणे परतले. बाई खात नव्हत्या, बोलत नव्हत्या. चौदाव्या दिवशी त्यांनी कोट अंगात घातला, कोटाच्या खिशातला चष्मा नाकावर चढवला, आणि लोंबीच्या खुणेवर पुस्तक उघडलं. गोरेगावकडच्या माहेरी त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, आणि त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. एकेक अक्षर लावत त्यांनी ते एक पान तीन दिवस वाचलं. सोळाव्या दिवशी साहेब नदीतून बाहेर आले. सरकारी कागद डोक्यावर धरून, बैलाचं शेपूट पकडून, चिखलानं माखून. आणि काठावर हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींनी त्यांना गाडीवान समजून बाजूला सारलं आणि हार घातला गाडीवानाला. गाडीवानानंही तो घालून घेतला.

बाई हसल्या. ते हसणं भिंतीपलीकडच्या घरात गेलं, कारण पलीकडे त्यांच्या भासऱ्याचं घर होतं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या भागात बाईनं भासऱ्यासमोर यायचं नाही, आलीच तर पदर पुढे ओढून, आणि बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाकरवी. तिसरं माणूस नसेल तर खांबाला सांगायचं, भासऱ्यानं ऐकायचं. या भासऱ्यांचीही पहिली बायको बाळंतपणात गेली होती, फार वर्षांपूर्वी. दुसरी नांदत होती. मोठे कडक गृहस्थ. ते हसणं ऐकून म्हणाले, "माझा भाऊ जाऊन सोळा दिवस, अन् हे हासून राहिली." पुढची दोन वर्षं ते हेच वाक्य वेगवेगळ्या लोकांना सांगत होते, फक्त दिवस कमी होत गेले. माझ्या कानावर आलं तेव्हा ते तीनवर आले होते.

जमीन पाटीलबुवांच्या वाट्याची, बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरची, बांधांनी आखलेल्या चांगल्या सात-आठ बांध्या. वर्षश्राद्धाला भासऱ्यांनी चार माणसांत ठरवून टाकलं: एक पीक लहानीनं, म्हणजे धाकट्या भावजयीनं, काढून पाहावं. बिघडलं तर पुढच्या साली नांगर आमचा, लहानी आमच्या मागच्या खोलीत राहील, आणि ती पुस्तकं बाजारात पुड्या बांधायला जातील. बाईंनी खांबाला सांगितलं, "बरं." मी त्या गावात आलो तो हा त्यांच्या परीक्षेचा हंगाम होता.

अशा वेळी कुणीही शहाणं माणूस पुस्तक पेटीत ठेवून बांधावर डोळ्यांत तेल घालून उभं राहिलं असतं. पाटलीणबाई बांधावर उभ्या राहिल्या, पण पुस्तक घेऊन.

रोवण्याच्या दिवसांत बाया ओळीनं वाकून चिखलात धानाची रोपं लावतात, आणि गाणी म्हणतात. गाण्यानं हात चालतो. पाटलीणबाईंनी त्यात वाटणी केली. जरा वेळ गाणं, जरा वेळ पुस्तक. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्या कोट घालून उभ्या, डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं, पुस्तक इरल्याच्या आत, आणि आवाज बोडीच्या पाळीपर्यंत जाणारा. मी एका रविवारी मुद्दाम पाहायला गेलो. खाली वीस बाया पाठमोऱ्या वाकलेल्या, आणि वरून पुण्याच्या एका वकिलाचं आत्मचरित्र चाललेलं. बाया वर न पाहता उत्तरं देत होत्या.

"'पत्नीच्या निधनानंतर वडील मंडळींच्या आग्रहास्तव मी दुसरा विवाह केला,'" बाईंनी वाचलं.

"किती दिवसांनी?" चिखलातून प्रश्न आला.

"लिवलं नाही."

"मंग लवकरच असन," बुधाबाई म्हणाली. "उशीर झाला असता तं सांगतला असता."

वीस बाया वाकल्या वाकल्या हसल्या. त्या वकिलाला आपली परीक्षा कुठे चालली आहे याची कल्पना नसेल.

उत्तरंही येत. मला खरंच वाटलं नव्हतं, पण येत. वकिलांचं आलं: 'आपला प्रश्न औचित्यास सोडून आहे.' बाईंनी ते भिंतीवर खळीनं चिकटवलं आणि म्हणाल्या, "याले अजून हासू आलं नाही, बिचाऱ्याले." एका डॉक्टरच्या विधवेनं आपल्या आठवणी छापल्या होत्या, तिचं आलं: 'विसाव्या दिवशी. मोलकरणीशी बोलताना. आजवर कुणास सांगितले नाही. आपणच पहिल्या विचारणाऱ्या.' हे कार्ड भिंतीवर गेलं नाही, ते कोटाच्या आतल्या खिशात गेलं.

आणि दोन महिन्यांनी इंजिनिअरसाहेबांचं आलं. अक्षर थरथरतं, कार्डाच्या कडेपर्यंत. 'बाई, तिसऱ्या महिन्यात. तिचे फडताळ आवरताना जर्द्याची डबी सापडली. जन्मभर ती मला जर्दा सोडा म्हणत आली. डबी तिची होती आणि अर्धी संपलेली होती. फार हसलो. मग बराच वेळ रडलो. हे पुस्तकात घालावयास हवे होते.'

बाईंनी हे कार्ड मला दोनदा वाचायला लावलं. सपरीतून उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा चष्मा हातात होता. "सांगनारा निघाला," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नमस्कार केला असेन. तोवर मी त्यांना जरा डोक्यानं सटकलेलीच समजत होतो.

आता ती चूक. तिकडे धान दोन जातींचा, हलका आणि भारी. हलका लवकर पिकतो, त्याला पाणी थोडं पुरतं, म्हणून तो वरच्या बांध्यांत. भारी उशिरा पिकतो, त्याला पाणी उभं लागतं, म्हणून तो बोडीखालच्या खोल बांध्यांत. रोपं लहान असताना दोन्ही हिरवीच. पेंड्या बांधून धुऱ्यावर आणून टाकल्या की कुठली कुठं हे मालकानं सांगायचं. त्या दिवशी पुस्तकात डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचं दुखणं चाललं होतं, शेवटचं. गड्यानं पेंड्या आणून विचारलं, "कोनत्या बांधीत टाकू जी?" पाटलीणबाईंनी पुस्तकातून डोकं वर न काढता हात केला, "टाक तिकडं." बायांचेही डोळे भरलेले, पेंडीकडे कुणाचं लक्ष. हलक्याच्या पेंड्या खालच्या सगळ्यांत खोल बांधीत गेल्या, आणि वीस बायांनी रडत रडत त्या सरळ ओळीत लावल्या.

श्रावण-भादव्यात काही दिसलं नाही. दसऱ्याच्या सुमारास बोडीखालचं सगळं शिवार हिरवं असताना मधली एकच बांधी पिवळी झाली. पाणी बाहेर सोडावं तर आजूबाजूचा भारी धान तहानतो, न सोडावं तर हा सडतो. धान पाण्यात आडवा झाला. आणि वरचा हलका कापून झालेला, पंचक्रोशीत उभा पिकलेला दाणा एवढाच, म्हणून सगळे पोपट तिथं उतरले. शाळेत मुलं पाढे म्हणायची तेव्हा पोपटांचा आवाज ऐकू येई. स्टेशनाकडे जाणारा प्रत्येक माणूस त्या बांधीशी थांबे, पाही, आणि गावात येऊन सांगे. भासऱ्यांना काही सांगायची गरजच उरली नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, ढोल वाजतात, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात. आमच्या गावची मंडई होती त्याच दुपारी भासरे पाहुण्यांतल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन बाईंच्या सपरीत आले. मी कुडाच्या खोलीत होतो. सटकायच्या बेतात होतो, तर बाईंनी दारातून हाक मारली, "मास्तर, बाहेर या. मधात बसा."

मग माझी जी गत झाली ती शत्रूवरही येऊ नये. एका बाजूला सतरंजीवर भासरे आणि ते दोन जाणते. दुसऱ्या बाजूला दाराच्या चौकटीत पाटलीणबाई, पदर पुढे, वर कोट. दोघांमध्ये पाच हात अंतर, आणि मी दोघांचं बोलणं एकमेकांना पोचवतोय.

"मास्तर, तिले सांगा," भासरे म्हणाले, "बांधी पाहून आलो आमी. पोपटं खाऊन राहिले. पुस्तकानं धान खाल्ला म्हना."

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मास्तर, सांगा त्याहीले. पुस्तकानं नाही खाल्ला. बायांची चूक नाही, गड्याची नाही. हात मी केला होता. चूक माझी हाय. त्या बांधीत जे उरन ते सालभर मीच खाईन."

जाणत्यांपैकी म्हातारे होते ते जरा वरमले. माणूस चूक कबूल करतो तेव्हा पंचांना पुढे काय करावं ते सुचत नाही. त्यांनी खाकरून विचारलं, "चूक झाली तं झाली. बाई, मंग आता पुस्तक सोडसान ना?"

"नाही."

"काऊन?"

म्हाताऱ्यांशी बोलायला आडकाठी नव्हती, तेव्हा त्या सरळ बोलल्या. "बाबाजी, हे गेले तवा सोळा दिवस मी खाल्लं नाही. लोकं घास तोंडाशी आनत, मले त्याचा वास नको वाटे. सोळाव्या दिवशी पुस्तक वाचून मी हासली. हासली, अन् मले भूक लागली. त्या दिवशी मी सोता चूल पेटवली, भात टाकला, अन् दोनदा मागून घेतला. वाढाले कोनी नव्हतं, माझं मीच घेतलं. ते पुस्तक मी सोडीन तं कायच्यासाठी सोडीन?"

"नवऱ्याचं दुःख नाही का बाई तुले?"

"हाय ना. ते कुठी जाते? हा कोट का हौसेनं घालून राहिली? पन हासू बी हाय. मले दोनीही पायजे."

मंडईचे ढोल ऐकू येत होते. भासरे माझ्याकडे वळले. "मास्तर, सांगा तिले, आमच्या घरी असं कोनी केलं नाही. आमच्याही घरी मानसं गेले. आमी नाही हासलो."

मी सांगायला वळलो, तर बाई चौकटीतून दोन पावलं पुढे आल्या होत्या. पदर मागे सारलेला. चष्मा मधल्या बोटानं वर ढकलला, आणि माझ्याकडे नाही, खांबाकडे नाही, सरळ त्यांच्याकडे पाहून बोलल्या.

"भाऊजी, थोरल्या बाई गेल्या, त्याच्यानंतर तुमी पयल्यांदा कवा हासले?"

सपरीतले आम्ही सगळेच गार झालो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, आणि त्या भासऱ्याशी पहिल्यांदा बोलत होत्या, ते हे. मला वाटलं आता ते उठतील, हात उगारतील. दुसरे जाणते सतरंजीची दशी ओढत बसले. बाई उभ्याच होत्या. आज जमीन गेली तर पुस्तकं आणि सपरी सगळंच जाणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

भासऱ्यांनी मान खाली घातली. मग अगदी खालच्या आवाजात, कुणालाच नाही असं म्हणाले, "मांडवात. दुसऱ्या लग्नाच्या. सगळे हासून राहिले होते, म्हून हासलो." मग म्हणाले, "तिले जाऊन दोन महिने झाले नव्हते. मले कोनी इचारलंच नाही."

"म्हून तं मी इचारून राहिली," बाई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता.

त्यानंतर न्यायनिवाडा असा काही झालाच नाही. भासरे उठले, उपरणं झटकलं, पाहुण्यांना म्हणाले, "चला, मंडई पाहू." पायरीवर थांबून, मागे वळून न पाहता, पुन्हा जुन्या रीतीनं बोलले. "मास्तर, सांगा तिले. पुढच्या साली खालच्या बांधीतल्या पेंड्या मी पाहून टाकीन."

बाईंनी पदर पुढे ओढला. "मास्तर, सांगा त्याहीले. धुऱ्यावर उभं राहाले कोनाले मनाई नाही. बांधी माझी."

तो सडका, पोपटांनी उष्टावलेला धान त्यांनी खरंच वर्षभर खाल्ला. तांदूळ तुकडा होई, भाताला कुबट वास येई. मला एकदा वाढला होता. मी भूक नाही म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "खोटं बोलता येत नाही तुमाले. तुमी सांगनारे व्हा." पुढल्या रोवण्याला भासरे छत्री घेऊन धुऱ्यावर आले. पेंड्या मोजल्या. मोजून झाल्यावरही छत्री तिथंच होती. पुस्तकातलं प्रकरण संपेपर्यंत ते पेंड्याच मोजत होते, असं बुधाबाई सांगे.

माझं लग्न झालं आणि त्याच साली बदली झाली. निघताना नव्या नवरीला घेऊन मी पाया पडायला गेलो. पाटलीणबाईंनी माझ्या बायकोच्या ओटीत नारळ घातला आणि माझ्या हातात एक जवाबी कार्ड दिलं. एका बाजूला त्यांचा नेहमीचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला स्वतःचा पत्ता. "ठेवा. कोनाचा नंबर पयले लागन, ठाऊक नाही. मांगं राहीन त्यानं लिवाचं," म्हणाल्या. मला विलक्षण राग आला. अंगाची हळद उतरली नसताना असलं अभद्र कोण देतं? मी बाहेर येऊन ते फाडणार होतो. माझी बायको, सोळा वर्षांची, माझ्याशी अजून नीट बोलतही नव्हती, तिनं ते माझ्या हातून घेतलं, वाचलं, आणि पदर तोंडावर धरून हसली. "राहू द्या," म्हणाली. "मी जपते." तिनं ते ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. बदल्यांतून ते आमच्याबरोबर फिरलं.

पाटलीणबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तापानं गेल्या, उशाशी अर्धं पुस्तक होतं, असं कळलं. पुढचं कोणी वाचलं का ते विचारायला मी कधी गेलो नाही, याची मला लाज वाटते.

माझी बायको गेल्या पावसाळ्यात गेली. दिवस झाल्यावर मी ट्रंक उपसली, तेव्हा कार्ड निघालं. तिकीट आता कुणी चालवून घेणार नाही, पत्त्यावर वाचणारं कोणी नाही. तरी सबब नाही. म्हणून लिहितो.

बाई, नवव्या दिवशी. माझे एक जुने सहकारी समाचाराला आले होते. माझ्याकडे एक खुर्ची आहे, तिचा पाय बारा वर्षं मोडका होता. ती नीट करा म्हणून आमच्या हिनं बारा वर्षं माझं डोकं खाल्लं, आणि मी बारा वर्षं म्हणत आलो की तिच्यावर बसतंय कोण. सहकारी तिच्यावर बसले. हात जोडून म्हणाले, "मास्तर, ईश्वरेच्छेपुढे..." आणि धोतरासकट खाली गेले. मला स्वयंपाकघरातून हिचा आवाज ऐकू आला, "सांगितलं नव्हतं?" मी उपरणं तोंडात कोंबलं. माझे खांदे हलताना पाहून मंडळींना वाटलं, मला रडू आवरत नाही. तिघांनी पाठीवर हात फिरवला. मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आणि बाई, त्या दुपारी मी भात मागून घेतला.